समुपदेशकाकडे पहिल्यांदा जाताना

समुपदेशकाची वेळ घेतली, की मधल्या दोन-चार दिवसांत ती रद्द करावी असं बहुतेकांना वाटतंच. झोप उडालेल्या एखाद्या रात्री धीर करून मेसेज पाठवलेला असतो. मग एक दिवस बरा जातो, मैत्रिणीशी गप्पा होतात, दोन घास नीट जातात आणि मन म्हणू लागतं, ‘एवढं काय झालंय आपल्याला? लोकांची केवढी मोठी दुःखं असतात!’ त्यात फीचे पैसे डोळ्यांपुढे येतात. जिन्यात ओळखीचं कुणी भेटलं तर, ही धास्ती असते. आणि मुख्य म्हणजे तिथे जाऊन बोलायचं काय, हेच ठरत नाही.

मी बरीच वर्षं समुपदेशनाचं काम करते आहे. वेळ घेऊनही न आलेली माणसं कधीकधी खूप उशिराने येतात आणि सांगतात, ‘आत काय करतात तेच माहीत नव्हतं, म्हणून राहून गेलं.’ दवाखान्यात काय होणार हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक असतं. समुपदेशकाच्या खोलीबद्दल मात्र जे काही माहीत असतं ते सिनेमातलं, नाहीतर ऐकीव. म्हणून आत काय घडतं ते जरा सविस्तर सांगते. त्यात एका गोष्टीवर मी पुन्हा पुन्हा येणार आहे. पहिल्या दोन-तीन भेटींत तुम्हीही समोरच्या माणसाला पारखायला आलेले असता. प्रश्न विचारणं, शंका काढणं, ‘हे मला पटलं नाही’ असं म्हणणं हा आगाऊपणा नव्हे. उपचार त्यावरच उभा राहतो.

सुरुवात दारावरच्या पाटीपासून करू, कारण पाट्यांचा आपल्याकडे फार घोळ आहे. मनोविकारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएस होऊन पुढे मनोविकारांतलं पदव्युत्तर शिक्षण घेतलेले डॉक्टर. इथे ज्या तीन प्रकारच्या माणसांबद्दल सांगते आहे, त्यांत औषध लिहून देण्याचा अधिकार फक्त त्यांना. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणजे मानसशास्त्रात एमए करून पुढे सहसा दोन वर्षांचं एम.फिल. केलेले आणि भारतीय पुनर्वसन परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे, नोंदणी असलेले तज्ज्ञ. समुपदेशकांमध्ये मात्र सगळ्या प्रकारची माणसं सापडतात: मानसशास्त्रात एमए केलेली, एमएसडब्ल्यू झालेली, समुपदेशनाचा वर्षा-दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा केलेली, आणि दोन शनिवार-रविवारच्या शिबिरातून थेट पाटी लावून बसलेलीसुद्धा. २०२१ साली केंद्राने आरोग्याशी संबंधित व्यवसायांसाठी वेगळा कायदा केला आणि समुपदेशनाचं कामही त्याच्या कक्षेत आलं, पण प्रत्यक्ष नोंदणीची घडी अजून बसायची आहे. तोवर चौकशी आपणच करायची. तुमचं शिक्षण काय, कुठे झालं, माझ्यासारख्या प्रश्नावर तुम्ही याआधी काम केलं आहे का, आणि तुमच्या कामावर कोण देखरेख करतं, हे फोनवरच विचारावं. शेवटच्या प्रश्नाने लोक दचकतात, पण नीट शिकलेला समुपदेशक आपल्या केसेसची चर्चा अनुभवी ज्येष्ठांबरोबर नियमित करत असतो, अर्थात नावगाव न सांगता. या प्रश्नांचा ज्याला राग येतो, त्याच्याकडे न गेलेलंच बरं.

कुठे जायचं याची उत्तरं आता पूर्वीपेक्षा खूप आहेत. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींनी सुरू केलेली आयपीएच ही संस्था १९९० पासून काम करते आहे. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने २०१२ साली ‘आयकॉल’ ही फोनवरून समुपदेशन करणारी सेवा सुरू केली. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्य विभाग असतो आणि तिथे फारसा खर्च येत नाही. सरकारची ‘टेलि-मानस’ ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. १४४१६ हा क्रमांक फिरवला, की चोवीस तासांत केव्हाही मराठीतून, फुकट बोलता येतं. खासगी समुपदेशकांची फी पुण्या-मुंबईत एका भेटीला काही शेकड्यांपासून दोन-तीन हजारांपर्यंत काहीही असू शकते. ती आधी विचारण्यात लाजण्यासारखं काही नाही. परवडत नसेल तर तसं स्पष्ट सांगावं. अनेकजण थोड्या जागा कमी फीच्या ठेवतात, पण मागितल्याशिवाय ते कळत नाही.

आता प्रत्यक्ष खोलीत जाऊ. इथे मी जी भेट सांगते आहे ती कुणा एका व्यक्तीची नाही. अनेकजणींच्या पहिल्या भेटी एकत्र करून ती उभी केली आहे.

बारामतीजवळच्या एका गावातल्या शाळेत शिकवणाऱ्या बाई, वय अडतीस. सोबत नवरा. खुर्चीत बसल्या बसल्या बोलायला लागतो तो नवराच. ‘हिच्या छातीत सारखं धडधडतं. ईसीजी काढला, टूडी इको केला, थायरॉइड बघितला. सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, टेन्शन आहे, इकडे दाखवा.’ बाई पर्स मांडीवर घट्ट धरून बसलेल्या. बाहेर त्यांनी एक फॉर्म भरलेला असतो: नाव, वय, घरी कोण कोण, आधीचे आजार, चालू असलेली औषधं, अडीअडचणीला कुणाला फोन करायचा. त्याला जोडून संमतिपत्र. दहाएक मिनिटं दोघांचं ऐकून घेतलं, की समुपदेशक नवऱ्याला विनंती करतो, ‘आता थोडा वेळ मी यांच्याशी एकट्याशी बोलतो. तुम्ही बाहेर बसाल का?’ यात नवऱ्यावर अविश्वास नसतो. आपल्याकडे माणसाच्या दुखण्याची गोष्ट बहुतेकदा घरातलं दुसरं कुणीतरी सांगतं. आईबाप मुलाची सांगतात, सासू सुनेची सांगते. ती ऐकायला हवीच, पण ज्याचं दुखतं त्याच्या तोंडून ती बरीच वेगळी निघते.

दार लागतं. थोडा वेळ कुणीच बोलत नाही. मग बाई विचारतात, ‘मला वेड तर लागणार नाही ना?’

पहिल्या भेटीत हा प्रश्न इतक्यांदा येतो, की त्याचं उत्तर तयार असावं लागतं. समुपदेशक त्यांना उगीच ‘छे छे’ म्हणून गप्प करत नाही. तो विचारतो, ‘असं वाटतं तेव्हा नेमकं काय होत असतं?’ मग हळूहळू सगळं बाहेर येतं. पहिल्यांदा हे एसटीत झालं. फलटणला माहेरी निघाल्या होत्या, गाडीत गर्दी होती, उभ्याच होत्या. अचानक छातीत ठोके वाढले, हातांना मुंग्या आल्या, श्वास पुरेना, आता आपण मरणार असं वाटलं. मधल्याच थांब्यावर उतरून त्यांनी नवऱ्याला बोलावून घेतलं. तेव्हापासून एसटीत बसल्या नाहीत. पुढे आठवडी बाजारात तसंच झालं, मग बाजार बंद. मग शाळेतल्या गॅदरिंगला स्टेजवर जायचं टाळलं. घरात सगळे जपतात, कुणी एकटं सोडत नाही. आणि जितकं जपतात तितकी भीती वाढते.

यातलं काहीही समुपदेशकाने पोलिसी उलटतपासणीसारखं काढून घेतलेलं नसतं. पण प्रश्न नेमके असतात. पहिल्यांदा कधी झालं? त्या वेळी मनात काय आलं? किती मिनिटांनी ओसरलं? मग तुम्ही काय केलंत? त्या काळात घरात आणखी काय चाललं होतं? यातल्या एखाद्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं नसेल, तर ‘हे आज नको’ म्हणता येतं. ते ऐकून घेतलं जातं. पहिल्याच दिवशी लहानपणापासूनचं सगळं उकलून ठेवलं पाहिजे, असा नियम कुठेच नाही. रडू आलं तर रडावं. टेबलावर टिशूचा डबा त्यासाठीच असतो आणि त्याची सवय समोरच्याला असते.

मग समुपदेशक थोडं समजावून सांगतो. भीती वाटली की शरीरात अ‍ॅड्रेनालिन वाढतं, हृदय जोरात धडधडू लागतं, श्वास भरभर होतो. भरभर श्वासामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि म्हणून बोटांना मुंग्या येतात, गरगरतं. त्या मुंग्यांनी माणूस आणखी घाबरतो आणि धडधड आणखी वाढते. याला पॅनिक अटॅक म्हणतात. तो काही मिनिटांत शिगेला पोचतो आणि आपोआप ओसरतो. त्याने वेड लागत नाही. शरीराच्या तपासण्या आधी झालेल्या आहेत ना, याची खात्री चांगला समुपदेशक करून घेतोच, कारण थायरॉइड आणि रक्तक्षय यांसारख्या दुखण्यांतही धडधड होते.

आणि भेट संपता संपता एक प्रश्न येतो, जो मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो: ‘काय बदललं, तर इथे येण्याचा उपयोग झाला असं तुम्ही म्हणाल?’ बाई थोडा विचार करून म्हणतात, ‘एकटीने एसटीने माहेरी जाता आलं पाहिजे.’ झालं, उद्दिष्ट ठरलं. ते समुपदेशकाने ठरवलेलं नाही आणि नवऱ्यानेही नाही.

हे सगळं साधारण पाऊण तास ते तासाभरात होतं. वेळ झाली की थांबतात. काहींना ते तुटक वाटतं, पण दर आठवड्याला एक ठरलेली वेळ, ठरलेली खोली आणि ठरलेला अवधी असला, की अवघड गोष्टी काढायला माणसाला आधार वाटतो. एक अनुभव मात्र आधीच सांगून ठेवते. पहिल्या भेटीनंतर काहींना खूप मोकळं वाटतं, आणि काहींना दोन दिवस उलट जास्तच जड जातं. दाबून ठेवलेलं वर आलेलं असतं. शक्य असेल तर त्या संध्याकाळी मोठं काम, मोठा निर्णय किंवा पाहुणचार ठेवू नये. दोन-तीन दिवसांनीही त्रास वाढताच असेल, तर पुढच्या भेटीची वाट न बघता फोन करावा.

खोलीत बोललेलं बाहेर जातं का, हा पुढचा प्रश्न. छोट्या गावात तर तोच पहिला. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्यातल्या २३ व्या कलमाने मानसिक आजार असलेल्या माणसाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे: त्याचं आरोग्य, उपचार आणि शारीरिक-मानसिक स्थिती याबद्दलची माहिती त्याच्याशिवाय इतरांना द्यायची नाही. अपवाद मोजके आहेत. जिवाला धोका असेल, दुसऱ्या कुणाला इजा होण्याची शक्यता असेल, न्यायालयाचा आदेश असेल, इतर उपचार करणाऱ्यांना माहिती देणं गरजेचं असेल, असे. लहान मुलांच्या बाबतीत आणखी एक आहे. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर ते पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, समुपदेशकावरही. या मर्यादा पहिल्याच भेटीत, तुम्ही मन मोकळं करायला लागण्याच्या आधी, तुम्हाला सांगितल्या गेल्या पाहिजेत. सांगितल्या नाहीत तर विचारा.

नातेवाइकांच्या फोनचं काय? ते येतातच. ‘मॅडम, मी तिचा नवरा. ती काय म्हणाली जरा सांगता का? माझ्याबद्दल काही बोलली?’ याला उत्तर एकच, आणि ते नम्रपणे द्यायचं: ‘ते तुम्ही त्यांनाच विचारा. तुम्हाला काही सांगायचं असेल तर त्यांच्या संमतीने आपण तिघं एकत्र बसू.’ अठरा वर्षांखालच्या मुलांचं थोडं वेगळं असतं. आईवडिलांना काय कळेल आणि काय मुलापाशीच राहील, हे सुरुवातीलाच सगळ्यांच्या समोर ठरवून घ्यायचं असतं. मंडईत समुपदेशक समोर आला, तर तो तुमच्याकडे बघून आपण होऊन हसणार नाही. त्याचं वाईट वाटून घेऊ नका. ओळख दाखवायची की नाही, ते तुमच्या हातात राहावं म्हणून तो थांबलेला असतो.

पहिल्या भेटीत एखादी प्रश्नावलीही पुढे येऊ शकते. उदासीसाठी बहुतेक ठिकाणी पीएचक्यू-९ वापरतात. गेल्या दोन आठवड्यांत किती वेळा असं झालं, असे नऊ प्रश्न असतात: कशात गोडी वाटत नाही, झोप लागत नाही किंवा फार लागते, भूक, थकवा, लक्ष न लागणं. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, म्हणजे एकूण सत्तावीसपैकी. ही परीक्षा नव्हे. महिन्याभराने पुन्हा भरली, की फरक पडतो आहे का ते आकड्यात दिसतं आणि दोघांनाही दिशा कळते.

त्यातला नववा प्रश्न मरणाच्या, स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. प्रश्नावली नसली तरी समुपदेशक तो तोंडाने विचारतोच. तिथे खोटं बोलू नका, हे मी हात जोडून सांगते. विचारल्याने असा विचार डोक्यात शिरत नाही, हे संशोधनातून पुन्हा पुन्हा दिसलं आहे. पुष्कळांना तर कुणीतरी सरळ विचारलं म्हणूनच हायसं वाटतं. लोक गप्प बसतात त्याचं एक कारण पोलिसांची भीती. मनात असे विचार येणं हा कधीच गुन्हा नव्हता. प्रयत्नाबद्दल जुन्या दंडसंहितेत ३०९ कलम होतं, पण २०१७ च्या कायद्याच्या ११५ व्या कलमाने असं ठरवलं, की प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता हे गृहीत धरायचं आणि त्याला शिक्षा न करता सरकारने त्याच्या उपचाराची सोय करायची. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर ते जुनं कलम राहिलेलंच नाही. तुम्ही ‘हो, येतात असे विचार’ म्हणालात तर पुढे काय होतं? कधी येतात, किती टोकाचे असतात, काही ठरवलं आहे का, घरात धोक्याचं काय आहे, हे विचारलं जातं. कठीण वेळी कुणाला फोन करायचा आणि कीटकनाशक किंवा गोळ्या कुणाच्या ताब्यात द्यायच्या, याची योजना तुमच्याबरोबर बसून लिहिली जाते. धोका मोठा असेल तर घरच्या एका माणसाला सांगावं लागतं, पण तेही तुम्हाला कळवून.

दुसऱ्या-तिसऱ्या भेटीपासून काम सुरू होतं, आणि इथे अनेकांची निराशा होते. त्यांना सल्ला हवा असतो. ‘घटस्फोट घेऊ का नको, तेवढं सांगा.’ ‘नोकरी सोडू का?’ आपल्याकडे मोठ्या माणसाने सांगायचं आणि आपण ऐकायचं, ही सवय खोल आहे. समुपदेशकालाही आपण त्याच खुर्चीत बसवतो. तो निर्णय देत नाही, कारण त्या निर्णयाबरोबर उद्यापासून राहायचं आहे ते तुम्हाला. तो निर्णयाच्या आड काय येतंय ते तुमच्यासोबत बघतो. मात्र समुपदेशक तासभर नुसता मान डोलावतो, ही समजूतही चुकीची. पद्धतीनुसार तो बराच बोलतो, शिकवतो, गृहपाठ देतो.

त्या शिक्षिकेचा गृहपाठ असा असेल. घाबरवणाऱ्या गोष्टींची यादी, सोप्यापासून अवघडापर्यंत. एसटी स्टँडवर नवऱ्याबरोबर दहा मिनिटं बसणं. मग एकटीने बसणं. थांबलेल्या गाडीत चढून उतरणं. नवऱ्याबरोबर एका थांब्यापर्यंत जाणं. एकटीने एक थांबा. मग दोन. प्रत्येक पायरीला भीती किती वाटली, ते शून्य ते दहा असं वहीत लिहायचं. आणि मुख्य म्हणजे भीती शिगेला गेली तरी तिथून पळून यायचं नाही, ती ओसरेपर्यंत थांबायचं. पहिल्या दिवशी वहीत आठ लिहिलेलं असतं. त्याच बाकावर पाचव्या वेळी बसताना ते तीनवर आलं, की बाईंचा स्वतःच्याच शरीरावर पुन्हा विश्वास बसायला लागतो. हे समजावून सांगून होत नाही, स्टँडवर बसूनच होतं. एखादा आठवडा गृहपाठ झाला नाही, तर तसं सांगावं. समुपदेशक शाळेतल्यासारखा रागावत नाही. का झालं नाही, यातच बहुतेकदा पुढच्या भेटीचा विषय असतो.

विचारांवर काम करणारी पद्धतही मराठी वाचकाला अगदी परकी नाही. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती मुंबईत कि. मो. फडके यांनी रुजवली. एलिस यांच्या आयुष्यावरची अंजली जोशी यांची ‘मी अल्बर्ट एलिस’ ही कादंबरी अनेकांनी वाचली असेल. घटना, तिच्याबद्दलचा आपला विचार आणि त्यातून येणारी भावना, असे तीन रकाने वहीत आखून देतात, आणि मधला रकाना तपासायला शिकवतात. पद्धती आणखी पुष्कळ आहेत. कुठली वापरणार आणि का, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

साधी दिसणारी पद्धत किती काम करते, याचं एक उदाहरण आपल्या शेजारचंच आहे. गोव्यातल्या ‘संगथ’ या संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र उदासी असलेल्या ४९५ जणांवर अभ्यास केला. त्यांच्यातल्या निम्म्यांना नेहमीच्या उपचारांसोबत सहा ते आठ भेटींचं समुपदेशन मिळालं. देणारे कुणी मोठे तज्ज्ञ नव्हते, प्रशिक्षण दिलेली स्थानिक माणसं होती. त्यांनी काय केलं? उदासीत सुटून गेलेल्या छोट्या-छोट्या गोष्टी, फिरायला जाणं, देवळात किंवा चर्चमध्ये जाणं, शेजाऱ्याकडे बसणं, थोड्या थोड्या करून पुन्हा सुरू करायला मदत केली आणि आड येणाऱ्या प्रश्नांवर एकत्र विचार केला. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोकांची उदासी बऱ्यापैकी ओसरली होती, ज्यांना ते मिळालं नव्हतं त्यांच्यात हे प्रमाण ३९ टक्के होतं. ‘लॅन्सेट’ने हा अभ्यास २०१७ साली छापला. बोलून काय होणार, असं विचारणाऱ्याला मी हाच दाखला देते.

किती भेटी लागतील, हे पहिल्याच दिवशी कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर सावध व्हावं. एक अंदाज मात्र देता येतो. १९८६ साली केनेथ हॉवर्ड आणि सहकाऱ्यांनी सुमारे २,४०० रुग्णांची माहिती एकत्र करून पाहिली. आठ भेटींपर्यंत साधारण निम्म्या लोकांत मोजता येण्याजोगी सुधारणा झाली होती आणि सव्वीस भेटींपर्यंत पाऊणजणांत. जुन्या, खोल जखमा असतील तर वेळ जास्त लागतो. तीव्र नैराश्य, बायपोलर, स्किझोफ्रेनिया अशा आजारांत बहुतेकदा औषधांची जोड लागते, आणि समुपदेशक मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवतो तेव्हा तो तुम्हाला झटकत नसतो. चालू असलेली औषधं बंद करायला सांगणारा समुपदेशक मात्र आपली हद्द ओलांडतो आहे.

ऑनलाइन भेटींबद्दल थोडंसं. दोन खोल्यांच्या घरात सहा माणसं असताना बोलायचं कुठे, ही खरी अडचण आहे. माझ्याशी लोक गच्चीवरून बोलले आहेत, सोसायटीत उभ्या केलेल्या गाडीत बसून बोलले आहेत. हेडफोन लावावा, आणि मध्येच कुणी आलं तर विषय बदलण्यासाठी एखादा शब्द आधीच ठरवून ठेवावा.

आता पुन्हा पारखण्याकडे येते. सॉल रोझेन्झ्वाइग यांनी १९३६ सालीच लिहून ठेवलं होतं, की वेगवेगळ्या उपचारपद्धतींच्या यशामागे काही समान गोष्टी असाव्यात. कार्ल रॉजर्स यांनी १९५७ मध्ये उपचार करणाऱ्याचा खरेपणा, त्याची समज आणि अटी न घालता माणसाला स्वीकारणं यांवर बोट ठेवलं. १९७९ मध्ये एडवर्ड बॉर्डिन यांनी त्याला बांधेसूद रूप दिलं: उद्दिष्टावर दोघांचं एकमत हवं, काय करायचं यावर एकमत हवं आणि दोघांत विश्वासाचं नातं हवं. पुढे झालेल्या संशोधनात ही गोष्ट ठळकपणे दिसत राहिली आहे, की हे तीन धागे जिथे घट्ट तिथे उपचाराचा गुण येण्याची शक्यता जास्त. यात उपचार घेणाऱ्याला ते नातं कसं वाटतं, याला मोठं वजन आहे.

आणि नेमकं इथेच आपलं अडतं. मॅडमना किंवा सरांना तोंडावर ‘मागच्या वेळी तुम्ही म्हणालात ते मला लागलं’ असं कसं म्हणायचं? आपण ‘हो, बरोबर आहे’ म्हणून मान हलवतो, घरी जातो आणि पुढच्या वेळी जात नाही. समुपदेशकाला कळतही नाही. मला स्वतःला या गप्प राहण्याइतकं दुसरं काही लागत नाही, कारण ते एक वाक्य बोललं गेलं असतं तर बहुतेकदा तिथूनच खरं काम सुरू झालं असतं. आईसमोर, सासूसमोर, साहेबासमोर जे आयुष्यभर बोलता आलं नाही, ते बोलून पाहायची ही पहिली सुरक्षित जागा असते. ‘तुम्ही फार भरभर बोलता.’ ‘मला अहो म्हटलेलं परकं वाटतं, अगं म्हणा.’ ‘हा गृहपाठ मला निरर्थक वाटतो.’ एवढं साधंही चालतं. त्यावर समोरचा माणूस कसा वागतो, यावरून तो कसा आहे ते कळेल.

तीन-चार भेटींनंतरही सूर जुळत नसेल तर बदलावं. त्यात दोघांचाही अपमान नाही, आणि चांगला समुपदेशक स्वतः दुसरं नाव सुचवतो. काही गोष्टींसाठी मात्र तीन-चार भेटी थांबूही नये. दुसऱ्या अशिलाची गोष्ट ओळख पटेल अशी सांगणं, शारीरिक जवळीक, पत्रिका किंवा व्रतं सुचवणं, जात, लग्न, मूल यांवरून टोमणे मारणं. मुलगा समलिंगी आहे म्हणून त्याला ‘बदलून देतो’ म्हणणाऱ्याकडून तर तिथल्या तिथे उठून यावं. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली डॉक्टरांसाठी असा ‘उपचार’ हा व्यावसायिक गैरवर्तन ठरवला आहे.

उपचार थांबवायचीही एक रीत असते. बरं वाटू लागलं, की भेटी आठवड्यावरून पंधरवड्यावर, मग महिन्यावर नेतात. शेवटच्या भेटीत काय बदललं, काय राहिलं आणि त्रास परत डोकावला तर पहिली खूण कोणती असेल, हे दोघं मिळून लिहून काढतात. त्या शिक्षिकेच्या कागदावर बहुधा असं काही असेल: एखाद्या आठवड्यात बाजार टाळावासा वाटला तर लगेच त्याच आठवड्यात जायचं, आणि लागोपाठ दोनदा जमलं नाही तर फोन करायचा. मध्येच थांबायचं असेल, पैशांमुळे, बदलीमुळे किंवा नुसताच कंटाळा आला म्हणून, तरी न सांगता थांबू नये. एक शेवटची भेट मागून घ्यावी. फाइल जपून ठेवलेली असते, आणि वर्षभराने पुन्हा फोन केलात तर सगळं पहिल्यापासून सांगावं लागत नाही.